पहाट दिलीस, दुपार तरी ठेव

ताई,

मी सव्वीस वर्षांची आहे. पाथर्डी फाट्याजवळ आई, बाबा आणि धाकट्या भावासोबत राहते. मराठीत एम.ए. केलं आणि दीड वर्षापासून एका कंटेंट कंपनीत मराठी लेख लिहिते. शिफ्ट पहाटे पाच ते दुपारी एक. आठवड्यातले चार दिवस घरून, दोन दिवस ऑफिसला. ऑफिसच्या दिवशी मी स्कूटीवर जाते आणि बाबा मागून मोटरसायकलवर सोडायला येतात.

सुरुवातीला फार आवडलं होतं. शांतता, ट्रॅफिक नाही, दुपार मोकळी, पगार वेळेवर. आता रोज तेच ते: पेट्रोलचे दर, सोन्याचे दर, राशिभविष्य, हवामान. दिवसाला सहा-सात लेख. त्यातले निम्मे हल्ली एआय लिहितं आणि मी ते ‘माणसाने लिहिल्यासारखे’ करून देते. माझं मराठी झिजत चाललंय असं वाटतं. दुपारी दोन ते पाच झोपते तरी डोकं जड असतं, रात्री साडेअकराशिवाय डोळा लागत नाही. न झोपले तर घरची कामं, नाहीतर बाहेरचं चाळीस पैसे शब्दाने घेतलेलं लिखाण. मैत्रिणी रात्री आठला भेटतात तेव्हा मी जांभया देत बसते. घरात स्थळं बघणं चालू आहे आणि ‘पहाटेची नोकरी म्हणजे नक्की काय?’ हा प्रश्न दरवेळी येतो.

मुंबई नाक्याजवळच्या एका जाहिरात एजन्सीने दहा ते सातची नोकरी देऊ केली आहे. पगार दोन हजारांनी जास्त. सोमवारपर्यंत कळवायचं आहे. सोडू की राहू?

– पहाटवाली, नाशिक

प्रिय पहाटवाली,

राहा. निदान दिवाळीपर्यंत राहा. फक्त आत्ता जशी चालली आहे तशी ही नोकरी चालू ठेवू नकोस.

सगळ्यात आधी बाबांचं बोलू, कारण त्यात एक आठवडाही जायला नको. साडेचारच्या अंधारात तू स्कूटीवर, मागून मोटरसायकलवर बाबा, तुला ऑफिसच्या दारात सोडून ते एकटे परत. हे तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस, मी मात्र तिथेच अडले. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा कायदा २०१७ चा आहे. स्त्री कर्मचाऱ्यांच्या कामाची वेळ त्यात सकाळी सात ते रात्री साडेनऊ अशी धरली आहे. त्याबाहेरच्या वेळेत काम द्यायचं तर तिची संमती लागते, सुरक्षिततेची पुरेशी व्यवस्था लागते आणि घरापर्यंत वाहनाची सोय मालकाने करायची असते. तुझी पाचची शिफ्ट सातच्या आतली आहे. तुमच्या कंपनीत किती माणसं आहेत ते तू लिहिलेलं नाहीस. अगदी लहान आस्थापनांना हा कायदा सगळाच्या सगळा लागू होत नाही, पण तीस-पस्तीस माणसं असतील तर ‘आम्ही छोटे आहोत’ ही सबब चालायची नाही.

तेव्हा एचआरला मेल कर. तोंडी बोलू नकोस, तोंडी बोललेलं कुणाला आठवत नाही. चार ओळी पुरेत: ऑफिसच्या दोन दिवशी मला सातच्या आत यावं लागतं, वाहनाची सोय नाही, कायद्याप्रमाणे ती मिळावी, शक्य नसेल तर पाच ते आठ मी घरून काम करीन आणि उजाडल्यावर नऊपर्यंत ऑफिसला पोहोचेन. हा दुसरा पर्याय तूच सुचव. त्यांना पैसा खर्च करावा लागत नाही, त्यामुळे बहुतेक तोच मान्य होईल. अगदीच दाद मिळाली नाही तर कामगार उपायुक्तांचं कार्यालय नाशिकमध्येच आहे. पण तोपर्यंतसुद्धा बाबांची ही फेरी चालू ठेवू नका. वाट पाहायची असेल ती घरून काम करत पाहा.

आता झोप. रात्री साडेअकरा ते पहाटे चार हे साडेचार तास, दुपारचे तीन. बेरीज साडेसात भरते आणि प्रौढ माणसाला रोज निदान सात तास लागतात, म्हणजे कागदावर सगळं ठीकच आहे. तरी डोकं जड राहतं, कारण झोपेचे दोन तुकडे झालेत आणि दुपारचा तुकडा रात्रीच्या तुकड्याला खातोय. संध्याकाळी पोटभर मिसळ हाणून आठच्या ताटावर बसलं की जेवण जात नाही, तसंच हे. दुपारी जेवल्यावर गजर लावून अर्धा तास पड, त्याहून जास्त नको. पहिले काही दिवस संध्याकाळी सातला डोळे मिटायला लागतील, चिडचिड होईल. तेवढे दिवस रेट. मग नऊ-सव्वानऊला आपोआप झोप येऊ लागेल. शेवटचा चहा दुपारी एकच्या आधी घे. चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. पाचच्या चहाचा अंमल रात्री दहालाही बाकी असतो.

आणि उजेड बघ. आपल्याकडे जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, म्हणजे हिवाळ्यात तू पहिले दोन तास अंधारात काम करतेस आणि उजाडल्यावरही खोलीतच बसून राहतेस. शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं. उजाडलं की दहा मिनिटं गच्चीत जा, मोबाईल खाली ठेवून. रविवारी नऊपर्यंत लोळू नकोस, सहा-साडेसहाला ऊठ. नाहीतर सोमवारची पहाट दरवेळी नव्याने अंगावर येते. घरात साडेनऊला जेवणं होत असतील तर तू साडेसातला जेवून घे. सगळ्यांनी मिळून जेवण्याची हौस दुपारी आईबरोबर भागव. एवढं करूनही दोन महिन्यांत बरं वाटलं नाही, पाळीचं चक्र बिघडलं, पित्त वाढलं किंवा कशातच मन लागेना झालं, तर सरळ डॉक्टरकडे जा आणि शिफ्टची वेळ त्यांना आधी सांग.

पण तुझं पत्र वाचताना मला झोपेपेक्षा दुपारची जास्त काळजी वाटली. ही नोकरी तुझ्याकडून पहाट घेते आणि बदल्यात दुपार देते. सौदा एवढाच आहे आणि तो वाईट नाही. तुझ्या बाबतीत झालंय असं की पहाट गेली आणि दुपारही हाती राहिली नाही. एक वाजता सुटतेस म्हणून घरच्यांना तू मोकळी दिसतेस. बँकेत कोण जाईल, तर तू. गॅसवाला येईल तेव्हा घरी कोण, तर तू. भावाचा फॉर्म, आत्याच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट, सगळं तुझ्याकडे. यात कुणाची दुष्टबुद्धी नाही. घड्याळात एक वाजलाय एवढंच त्यांना दिसतं. तोवर तुझे आठ तास भरलेले असतात हे त्यांना एकदा बसून सांगायला हवं. दहाच्या नोकरीवरून दमून आलेल्या मुलाला सहा वाजता दळण आणायला कुणी पिटाळत नाही. तुझा दुपारचा एक म्हणजे त्याचे संध्याकाळचे सहा. आठवड्यातल्या दोन दुपारी घरच्या कामाला दे, कुठल्या ते आधीच ठरव आणि त्या दोन मनापासून दे. बाकीच्या तुझ्या.

त्या बाकीच्या दुपारी चाळीस पैसे शब्दाने विकू नकोस. हजार शब्दांचे चारशे रुपये होतात. लिहायला, मग ‘जरा बदल करून द्या’ला, मग पैशांची आठवण करून द्यायला जाणारा वेळ मोजलास तर तुझ्या तासाला काय उरतं? शिवाय ते लिखाण पहाटेच्या लिखाणासारखंच आहे. थकलेल्या हाताला तेच काम पुन्हा देण्यासारखी वाईट विश्रांती नाही. घरात पैशांची अगदीच ओढ असेल तर वेगळी गोष्ट. पण तसं काही तू लिहिलेलं नाहीस, म्हणून स्पष्ट सांगते: हातातलं आहे ते संपव आणि नवं घेऊ नकोस.

आता लिखाणाकडे वळू. खरं दुखणं इथे आहे.

पेट्रोलचे दर १६ जून २०१७ पासून रोज सकाळी सहाला जाहीर होतात. त्याआधी ते पंधरवड्याने बदलत. म्हणून तुमच्यासारख्या सगळ्या डेस्कवर पहाटे हा लेख ठरलेला असतो, आणि दर बदलला नसला तरी लिहावाच लागतो. मग ‘वाहनचालकांसाठी महत्त्वाची बातमी’ने सुरुवात, मध्ये कच्च्या तेलाच्या चार ओळी, पुन्हा ‘जाणून घ्या आपल्या शहरातील दर’, आणि नाशिकचा आकडा कुठे, तर पाचव्या परिच्छेदात. स्कूटी घेऊन पंपावर उभ्या असलेल्या माणसाला आकडा हवा असतो. तो त्याला पहिल्या ओळीत मिळाला पाहिजे. कालच्यापेक्षा बदल झालाय की नाही, ते दुसऱ्या ओळीत. बस. पेट्रोल, सोनं आणि हवामान या तिन्हींसाठी एक साचा तयार कर. एका शीटमध्ये आकडे भरले की मजकूर उभा राहिला पाहिजे. त्यात आकडा तीनदा तपास आणि शब्द मोजायचं सोड. साचा घेऊन संपादकांकडे जा आणि सांग: यात माझा रोजचा तास-सव्वा तास वाचतो, त्या वेळात मी नाशिकची एक स्वतंत्र स्टोरी देते.

ही स्टोरी तुझ्याशिवाय त्यांना कोण देणार आहे? दिल्ली-नोएडाच्या डेस्कवर बसून मराठी लेख काढणाऱ्याला निफाडच्या थंडीचा फक्त आकडा मिळतो. पारा चार-पाचवर उतरला की द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटतात, धूर केला जातो, वेलींना पाणी दिलं जातं, मणी तडकण्याच्या भीतीने माणसं रात्रभर जागी असतात, हे त्याला कुठून कळणार? तुला कळतं. आणि तुझ्याकडे एक गोष्ट अशी आहे जी दहाच्या शिफ्टवाल्याकडे नाही. पहाटे साडेपाच-सहाला बागाईतदार जागा असतो. दूधवाला जागा असतो, मार्केट यार्डातला हमाल जागा असतो, रामकुंडावरचे पुरोहित जागे असतात. सगळं शहर झोपलेलं असताना तुझ्या कामाची माणसं उठलेली असतात. रोज त्यांच्यातल्या एकाला फोन कर. एकच. लासलगावात कांद्याचे लिलाव सुरू व्हायच्या आधी तिथल्या एखाद्या शेतकऱ्याशी बोल. काल भाव कितीला गेला ते साइटवर मिळतं. ट्रॅक्टर घेऊन रात्री किती वाजता निघालात, भाडं किती पडलं, एवढा भाव मिळाला तर पदरात काय उरतं, हे त्याला विचारल्याशिवाय कुठेच मिळत नाही.

तुझं मराठी झिजतंय म्हणतेस, त्यालाही माझ्या मते हेच औषध आहे. व्याकरणाची पुस्तकं काढून बसू नकोस, एम.ए. केलेल्या मुलीला ते येतंच. भाषा झिजते ती न पाहिलेल्या गोष्टीबद्दल रोज लिहिल्याने. ऑगस्टमध्ये गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की तुमच्याकडून जातं: ‘गोदावरीच्या पाणीपातळीत वाढ झाल्याने नागरिकांमध्ये भीतीचे वातावरण पसरले आहे.’ हे वाक्य कुठल्याही नदीला आणि कुठल्याही गावाला लागू पडतं. नाशिककर पाणी मोजतो नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर. तेव्हा लिही: ‘पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलंय. भांडी बाजारातले दुकानदार सकाळपासून खालचा माल वर चढवतायत.’ शब्द साधेच आहेत. पण ते लिहायला पुलावर जावं लागतं किंवा पुलावर असलेल्या माणसाला फोन लावावा लागतो. पाच ते एकच्या शिफ्टमध्ये जाणं जमणार नाही, फोन जमेल. आणि रिकाम्या दुपारी तू स्वतःही जाऊ शकतेस.

दुपारचाच आणखी एक उपयोग सांगते. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून चालू आहे. त्याचं, म्हणजे आपल्या ‘सावाना’चं, सभासदत्व घेतलं नसशील तर या आठवड्यात घे. आठवड्याला एक जुनं गद्य पुस्तक, आत्मचरित्र असो की प्रवासवर्णन, आणि त्यातलं पानभर मोठ्याने वाच. लेख पाठवण्याआधी स्वतःचाही पहिला परिच्छेद मोठ्याने वाचत जा. जे वाक्य आईसमोर बोलताना तुझ्या तोंडून कधीच निघणार नाही, ते तिथेच अडखळतं.

एआयचं. त्याने लिहिलेलं ‘माणसाने लिहिल्यासारखं’ करणं हे काम म्हणून कमी दर्जाचं आहे असं मी म्हणत नाही, पण ते संपादनाचं काम आहे आणि त्याला त्याचं नाव मिळालं पाहिजे. पुढच्या अप्रेझलला ‘कंटेंट रायटर’च्या जागी संपादनाचा उल्लेख आणि त्याप्रमाणे पगार माग. तोवर एक पथ्य पाळ. त्या मजकुरातलं प्रत्येक नाव, तारीख आणि रक्कम मुळातून तपासल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नकोस. वाक्य गुळगुळीत असलं की चूक डोळ्यांखालून निसटते, आणि पहाटे सव्वापाचला तर हमखास. सरकारी योजनेची शेवटची तारीख चुकली तर एखादी बाई तलाठी कार्यालयातून परत येईल, ते तुझ्या हातून व्हायला नको. दर आणि राशी यंत्राने लिहिल्या तर लिहू देत, तुला त्याचं दुःख वाटू नये. बागाईतदाराला फोन करणं त्याच्याकडे गेलेलं नाही.

हेही लक्षात ठेव की सिंहस्थ दाराशी आहे. २०१५ नंतरचा हा कुंभमेळा, २०२६ ते २०२८ चा. साधुग्राम, घाट, रस्ते, पाणी, त्र्यंबकेश्वरच्या वाटा यांबद्दल मराठीत नीट, तपासून, जागेवरून लिहिणाऱ्यांची या शहराला गरज पडणार आहे. आत्तापासून त्या विषयाची फाइल कर. आणि जे लिहिशील त्यावर तुझं नाव माग. नाव असलेल्या प्रत्येक लेखाची पीडीएफ करून ठेव, कारण पोर्टलं पानं उडवतात आणि मग मुलाखतीत दाखवायला लिंक उघडत नाही.

मैत्रिणींना रविवारी सकाळी मिसळ खायला बोलाव. नाशिकमध्ये या आमंत्रणाला कुणी नाही म्हणत नाही. रात्री आठची भेट महिन्यातून एखादी पुरे.

स्थळांचं थोडक्यात. बायोडेटात शिफ्टची वेळ लिही, अगदी नोकरीच्या ओळीतच. ‘पहाटे पाच ते दुपारी एक, बहुतांशी घरून.’ ज्यांना चालणार नाही ते चहा-पोह्यांच्या आधीच बाजूला होतील आणि तुझ्या आईचे कष्ट वाचतील. ‘लग्नानंतर ती दिवसाची घेईल’ असं आईबाबांना तुझ्या वतीने कबूल करू देऊ नकोस. घेशील तर स्वतः ठरवून घेशील.

राहता राहिली एजन्सी. दोन हजार जास्त म्हणजे सव्वीस दिवसांना भागून दिवसाला सत्त्याहत्तर रुपये, आणि त्यासाठी रोज एक तास जास्त बसायचं. वर मुंबई नाक्याचं ट्रॅफिक. संध्याकाळी साडेसात-पावणेआठला घरी आल्यावर वाचनालय नाही, पूल नाही. तरीही, जाहिरातीचं लिखाण शिकण्यासारखं आहे. कमी शब्दांत नेमकं सांगण्याची शिस्त तिथे लागते. म्हणून दार लावून घेऊ नकोस. तू तिथे जायचं ठरवलंसच, तर ते त्या कामासाठी असू दे, उशिरा उठायला मिळेल म्हणून नको. त्यांना दोन गोष्टी विचार: या जागेवरच्या माणसाने गेल्या महिन्यात काय-काय लिहिलं ते दाखवाल का, आणि माझं लिखाण कोण तपासणार. दुसऱ्या प्रश्नाला ‘क्लायंट’ हे उत्तर आलं तर तिथे तुला शिकवणारं कुणी नाही असं समज.

सोमवारी कळव की सध्या पूर्णवेळ जमणार नाही, पण महिन्याला एखादं काम, म्हणजे एखाद्या हॉस्पिटलचं किंवा वायनरीचं माहितीपत्रक, मी ठरलेल्या रकमेत करून देऊ शकते. शब्दावर दर लावू नकोस, पूर्ण कामाची रक्कम सांग आणि निम्मी आधी घे. इकडे दिवाळीपर्यंत तीन गोष्टी पाहा. वाहनाचा किंवा उजाडल्यावर यायचा प्रश्न सुटला का, साच्याने वाचलेला तास तुला खरंच मिळाला का, आणि नाव असलेले दहा-बारा तरी लेख फाइलमध्ये जमले का. पहिली गोष्ट झाली नाही तर दिवाळीचीही वाट पाहू नकोस, राजीनामा दे. दुसरी-तिसरी झाली नाही तर फाइल घेऊन एजन्सीकडे जा आणि तेव्हा दोन हजारांवर थांबू नकोस, पाच माग.

– ताई